अपडेटचा मेल आलाय, उघडू का?

या खेपेला टपालात अपडेटचेच प्रश्न भरपूर आलेत. कारण उघड आहे, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून जुने लॅपटॉप वापरणारे सगळे धास्तावलेत, आणि लोक धास्तावले की भामट्यांचा सीझन सुरू होतो. त्यामुळे आज हा एकच विषय. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त भाग देतेय, आणि लांबलेली पत्रं थोडी छाटलीत, राग मानू नका.

नमस्कार ताई, मी बँकेतून रिटायर झालेला माणूस. मला मायक्रोसॉफ्टकडून मेल आलाय की तुमचं विंडोज १० आता असुरक्षित आहे, सोबत जोडलेली फाइल ४८ तासांत इन्स्टॉल करा नाहीतर कॉम्प्युटर लॉक होईल. वर लोगो आहे, खाली अमेरिकेतला पत्ता आहे, इंग्रजी एकदम शुद्ध आहे. फाइल झिप आहे आणि तिचा पासवर्ड पण मेलमध्येच दिलाय, म्हणजे काळजी घेतलेली दिसते. मुलगा बंगळुरूला असतो, तो म्हणतो डिलीट करा. पण खरं असलं तर? (सदाशिव पेठ)

काका, मुलगा बरोबर सांगतोय, पण नुसतं ‘डिलीट करा’ म्हणून तुमचं समाधान व्हायचं नाही हे पण कळतंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मायक्रोसॉफ्ट अपडेटची फाइल मेलला जोडून पाठवत नाही. कधीच नाही. अपडेट आणायचं काम तुमचा कॉम्प्युटर स्वतः करतो, तो मधूनमधून कंपनीच्या सर्व्हरला विचारत असतो की नवीन काही आलंय का, असेल तर उतरवून घेतो, त्यावरची डिजिटल सही तपासतो आणि मगच बसवतो. महिन्याचं मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं, ऑक्टोबर २००३ पासून हीच पद्धत आहे, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते म्हणून बुधवारी सकाळी लॅपटॉप उघडला की ‘रीस्टार्ट करा’ असं दिसतं. या सगळ्या प्रकारात तुमच्या मेलबॉक्सचा संबंध कुठेही येत नाही.

आता लोगोचं म्हणाल तर तो कुणालाही कॉपी करता येतो, पत्ता तर जाहीरच आहे. पाठवणाऱ्याच्या जागी जे नाव दिसतं ते पाठवणारा स्वतःच टाइप करतो, मी आत्ता सेटिंगमध्ये जाऊन माझं नाव ‘मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी’ ठेवलं तर तुम्हाला तेच दिसेल. त्या नावावर क्लिक करून मागचा खरा मेल आयडी बघा, बहुतेक वेळा भलताच काहीतरी निघतो. पण तो बरोबर दिसला तरी विश्वास ठेवू नका, कारण तोही बनवता येतो. आणि शुद्ध इंग्रजीचं म्हणाल तर स्पेलिंगच्या चुका असतील तर मेल खोटा, हा सल्ला वर्षानुवर्षं सगळीकडे दिला गेला, तो आता बाद समजा. एआय आल्यापासून भामट्यांचं इंग्रजी आपल्यापेक्षा चांगलं झालंय, आणि मराठी पण बरंच सुधारलंय.

तुमच्या पत्रातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तो पासवर्ड. तुम्हाला ती काळजी वाटली, पण उलटं आहे. झिपला पासवर्ड लावला की मेल कंपनीचा स्कॅनर आत डोकावू शकत नाही, बंद पेटी तशीच तुमच्यापर्यंत येते. आणि किल्ली त्याच मेलमध्ये लिहून दिली असेल तर मग कुलूप कुणापासून लावलंय? तुमच्यापासून नक्कीच नाही, तपासणाऱ्यापासून.

ही चाल जुनी आहे हो. मार्च २००२ मध्ये ‘गाइब’ नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा व्हायरस, असाच मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी अपडेटच्या नावाने मेलमधून फिरला होता. मग सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्वेन’ आला, त्याचा मेल तर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटसारखाच सजवलेला होता. फाइल उघडली की एक खिडकी यायची, अपडेट बसवायचं का, हो की नाही. ‘हो’ म्हटलं तर वर्म बसायचाच, आणि ‘नाही’ म्हटलं तरी गुपचूप बसायचाच. म्हणजे नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती. हे मुद्दाम सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं की फाइल उघडून तर बघू, संशय आला तर कॅन्सल करू. तसं नसतं, उघडली तिथेच खेळ संपलेला असू शकतो.

दुसरं एक काम आजच करा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, म्हणजे फाइल ‘अपडेट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असली तर तुम्हाला फक्त ‘अपडेट डॉट पीडीएफ’ दिसतं आणि वाटतं कागदच आहे. मे २००० मधला तो ‘आय लव्ह यू’ व्हायरस आठवतोय का, तेव्हा बँकांत पण गडबड झाली असेल, त्याची फाइल अशीच टेक्स्ट फाइल असल्याचं सोंग घेऊन आली होती आणि खरं शेपूट ‘व्हीबीएस’ होतं. तर फाइल एक्स्प्लोरर उघडा, व्ह्यू मध्ये जा, तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ वर टिक करा. शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एमएसआय, एलएनके, आयएसओ असलं काही दिसलं आणि ते मेलमधून आलेलं असलं तर हात लावायचा नाही.

आणि ‘खरं असलं तर?’ याचं उत्तर मेलमध्ये शोधू नका. मेल बंद करा, स्टार्ट, सेटिंग्ज, ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, विंडोज अपडेट, आणि ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. खरं काही असेल तर तिथे दिसेल, तिथे नसेल तर नाही. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवलीय, तिची नोंदणी पण याच पानावरून होते, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पण पडत नाहीत. त्यानंतर मात्र विंडोज ११ नाहीतर नवीन लॅपटॉप, त्याला इलाज नाही.

तुम्ही बँकेतले, म्हणून एक आठवण करून देते. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्याच कॉसमॉस बँकेचे ९४ कोटींच्या आसपास रुपये दोन दिवसांत गेले, २८ देशांतल्या एटीएममधून लोक पैसे काढत होते, आणि मुळाशी होता सिस्टिममध्ये घुसवलेला मालवेअरच, म्हणजे घातक सॉफ्टवेअर. तिथे दरोडेखोर दारातून आले नव्हते.

ताई प्लीज लवकर उत्तर द्या. मी मार्केट यार्डात एका आडत्यांच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. गेल्या आठवड्यात मेल आला की अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलंय, ते टाकलं नाही तर जीएसटी रिटर्न भरता येणार नाही. रिटर्नची तारीख जवळ होती म्हणून मी घाईत लिंकवरून उतरवून चालवलं. एक काळी खिडकी लुकलुकून गेली आणि काहीच झालं नाही. सॉफ्टवेअर जुनंच आहे. कॉम्प्युटर नीट चालतोय. मालकांना सांगितलं नाहीये, ते फार चिडतात. काही झालं नाही म्हणजे ठीक आहे ना? (बिबवेवाडी)

नाही गं, ठीक नाहीये. तुला घाबरवायचं म्हणून नाही सांगत, पण ‘काहीच झालं नाही’ हीच खरी खूण आहे. खरं अपडेट असतं तर काहीतरी दिसलं असतं, पट्टी सरकली असती, व्हर्जनचा नंबर बदलला असता. काळी खिडकी येऊन गेली याचा अर्थ मागे एखादी कमांड चालली, आणि हल्ली अशा कमांडने येतं ते बहुतेक चोर-सॉफ्टवेअर, ज्याला इन्फोस्टीलर म्हणतात. ते कॉम्प्युटर बंद पाडत नाही, स्लो पण करत नाही, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलतं, पाठवून देतं, आणि कधीकधी स्वतःला पुसून पण टाकतं. दुसरी शक्यता म्हणजे दार उघडं ठेवून बसलेला प्रोग्रॅम, जो आठवड्या-दोन आठवड्यांनी रॅन्समवेअर आणतो, मग एका सकाळी सगळ्या फाइली कुलूपबंद आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी.

तर आत्ता काय करायचं. त्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढ, वायफाय बंद कर. त्याला डिजिटल सहीचा टोकन लावलेला असेल (असतोच, सगळ्या ऑफिसात तो दिवसभर खोचूनच ठेवलेला असतो, ही सवय पण सोडा) तर तो काढून ड्रॉवरमध्ये टाक. बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती पण काढ. त्या मशिनचा पेनड्राइव्ह दुसऱ्या कुठल्या मशिनला लावू नकोस.

मग मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून, त्या मशिनवरून अजिबात नाही, पासवर्ड बदलायला घे. पहिला मेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड रीसेट होतात ते मेलवरूनच. मग बँक, जीएसटी, इन्कमटॅक्स, ई-वे बिल. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, प्रत्येक ठिकाणी ‘साइन आउट ऑफ ऑल डिव्हायसेस’ असं काहीतरी असतं ते पण कर, कारण चोरलेली कुकी हातात असेल तर पासवर्ड न टाकता पण आत शिरता येतं. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, लावलेली नसेल तर आज लाव. जीमेल असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघ, भामटे तिथे हळूच स्वतःचा आयडी टाकून ठेवतात आणि मग बँकेचे मेल परस्पर त्यांच्याकडे जात राहतात.

बँकेला आजच फोन करा, मालकांनी करायला हवा, कारण खातं त्यांचं. म्हणजे मालकांना सांगावं लागणारच. ‘मालक, मागच्या आठवड्यात एक फाइल उघडली, ती मला आता संशयास्पद वाटतेय, पासवर्ड बदललेत, बँकेशी बोलायला पाहिजे’ एवढंच सांग. आणि मालक लोकहो, तुमच्यातलं कुणी हे वाचत असेल तर जरा ऐका, तुम्ही चिडता म्हणून लोक आठवडाभर गप्प बसतात, आणि या आठवड्याभरातच खातं साफ होतं. ज्या ऑफिसात चूक लगेच सांगता येते तिथलं नुकसान कमी असतं, हे साधं धंद्याचं गणित आहे.

मशिनचं काय करायचं? विंडोज सिक्युरिटी मध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे स्कॅन ऑप्शन्स मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ आहे, तो विंडोज चालू व्हायच्या आधी तपासतो म्हणून लपून बसलेलं पण सापडायची शक्यता जास्त. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची फुकट टूल्स पण आहेत, ते केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून चालू आहे. पण खरं सांगू का, ज्या मशिनवर बँक आणि डिजिटल सही चालते ते स्कॅन करून ‘स्वच्छ’ आलं तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. डाटा, म्हणजे फक्त हिशोबाच्या आणि कागदपत्रांच्या फाइली, बाजूला काढून मशिन सरळ फॉरमॅट करून घ्या. फक्त फॉरमॅट करणाऱ्याला बजावून सांगा की विंडोज ओरिजिनल पाहिजे. क्रॅक मारलेलं विंडोज आणि क्रॅक मारलेलं अकाउंटिंग टाकून दिलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, कारण क्रॅकच्या फाइलीतून येणारा मालवेअर आणि तुझ्या त्या ‘अपडेट’मधून आलेला मालवेअर एकाच माळेचे मणी आहेत.

आणि फाइली कुलूपबंद झाल्याच तर पैसे पाठवायची घाई नको. ‘नो मोअर रॅन्सम’ म्हणून २०१६ पासून युरोपोल, डच पोलीस आणि काही सिक्युरिटी कंपन्यांनी चालवलेला उपक्रम आहे, तिथे काही जातींच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही, पण बघायला काय जातंय.

यापुढे अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं अपडेट त्या सॉफ्टवेअरच्या आतल्या मेनूतून, नाहीतर ज्याने तुम्हाला विकलंय त्या पार्टनरला तुझ्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून. मेलमधला नंबर नाही.

मी हिंजवडीत आयटीमध्ये आहे. तुमचे सल्ले बेसिक असतात, चालायचंच. माझा मुद्दा वेगळा आहे. खऱ्या अपडेटमधूनच मालवेअर आल्याची उदाहरणं आहेत, नॉटपेट्या घ्या. आणि जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या खऱ्या अपडेटने जग बंद पाडलं. मग अपडेट बंदच का ठेवू नये? मी घरी बंद ठेवलंय आणि चार वर्षं काही झालेलं नाही. (पिंपळे सौदागर)

बेसिक असतात कारण लोक बेसिकलाच फसतात, आयटीवाले पण. बाकी मुद्दा तुमचा रास्त आहे.

नॉटपेट्या हा मालवेअर २७ जून २०१७ ला युक्रेनमधून सुटला, तिथलं ‘एम.ई.डॉक’ नावाचं टॅक्सचं सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेट यंत्रणेतच हल्लेखोर शिरले होते, त्यामुळे ज्यांनी अगदी नियमाप्रमाणे अपडेट केलं तेच गेले. त्याची झळ आपल्या जेएनपीटी बंदराच्या एका टर्मिनलपर्यंत आली, कारण ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क ग्रुपच्याच सिस्टिम बसल्या होत्या. त्याच वर्षी सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करायच्या प्रोग्रॅमच्या अधिकृत डाउनलोडमध्ये पण घुसखोरी निघाली, २०२० मध्ये सोलरविंड्स कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये. हे सगळं खरं आहे, नाकारत नाही.

पण दुसरी बाजू पण बघा ना. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला आला, आणि ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, दोन महिने आधी. जे अडकले त्यात कुणी ‘आपण बंदच ठेवतो’ वाले होते, कुणी ‘बघू नंतर’ वाले. आणि गंमत म्हणजे नॉटपेट्या एका मशिनवरून दुसऱ्यावर उडी मारायला जी भोकं वापरत होता त्यात तेच भोक होतं. म्हणजे विषारी अपडेटचा हल्ला पसरायला पण अपडेट न केलेल्या मशिनची मदत झालीच. अपडेटमध्ये विष घालायला हल्लेखोराला एक अख्खी कंपनी आतून फोडावी लागते, ते क्वचित घडतं. न बुजवलेलं भोक शोधायला काय लागतं? एक स्क्रिप्ट. ‘चार वर्षं काही झालं नाही’ बद्दल वरच्या मार्केट यार्डवाल्या मुलीला दिलेलं उत्तर वाचा.

क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीबद्दल तर तुमच्या मुद्द्यापेक्षा मला त्याच्या नंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. १९ जुलै २०२४ ला ८५ लाखांच्या आसपास विंडोज मशिन निळा स्क्रीन दाखवून बंद पडली, आपल्याकडे एअरपोर्टवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले, आणि तो गोंधळ निस्तरतोय तोवर ‘हे घ्या दुरुस्तीचं अपडेट’ म्हणून खोटे मेल आणि खोट्या हॉटफिक्सच्या झिप फाइली फिरायला लागल्या. आपल्या सर्ट-इन ने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, पण त्याबद्दल सावध केलं होतं. आणि हे मेल कुणासाठी होते? तुमच्यासारख्यांसाठीच, रात्रभर जागून सर्व्हर उठवणाऱ्या आयटीवाल्यांसाठी. थकलेला माणूस कुठल्याही फाइलवर क्लिक करतो, पदवी कितीही मोठी असली तरी. घरचं अपडेट चालू करा.

ताई मला मेल वगैरे येत नाहीत, मी व्हॉट्सॲपवरच असतो. गावच्या ग्रुपवर एकाने आरटीओचं चलान बघायचं नवीन ॲप अपडेट असं पाठवलंय. मी दाबलं पण इन्स्टॉल नाही केलं. दाबल्याने काही होतं का? (मांजरी)

दादा, नुसतं उतरवलं असेल आणि बसवलं नसेल तर सहसा काही होत नाही, फाइल मॅनेजरमधून पुसून टाका. ती एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल असते, चलान, पीएम किसान, लग्नपत्रिका, बँकेची केवायसी अशी कुठल्याही नावाने येते, आणि बसवली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, कारण तिला तुमचे ओटीपी पाहिजे असतात. ज्याने पाठवली त्या पोराला शिव्या देऊ नका, बहुतेक त्याचाच फोन हॅक झालाय आणि त्याच्या नकळत सगळ्या ग्रुपवर जातेय, त्याला फोन करून सांगा. कुणी बसवलीच असेल तर फोन विमान मोडवर, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवायचं, मग फोन फॅक्टरी रीसेट. ॲप घ्यायचं तर प्ले स्टोअरमधूनच, आणि सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ मध्ये व्हॉट्सॲपला परवानगी असेल तर ती काढून टाका.

हाय, मी एफसीला शिकतो, माझ्याकडे मॅक आहे त्यामुळे व्हायरसचं टेन्शन नाही. पण एक सिरीज फुकट बघायच्या साइटवर सारखं येतं की फ्लॅश प्लेयर अपडेट करा. करू का? सिरीज चालत नाहीये. (डेक्कन)

अरे बाळा, फ्लॅश प्लेयर मेला. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने त्याचा सपोर्ट संपवला आणि जानेवारी २०२१ पासून तो चालणंच बंद केलं. मेलेल्या माणसाचं आधार अपडेट होत नसतं, तसंच आहे हे. फ्लॅशचं अपडेट मागणारी प्रत्येक गोष्ट खोटी, इथे अपवाद नाही.

आणि मॅकला व्हायरस येत नाही हे कुठून आलं? ‘फ्लॅशबॅक’ नावाचा मालवेअर २०११ मध्ये फ्लॅशच्या खोट्या इन्स्टॉलरच्या रूपातच मॅकवर आला, नंतर जावाच्या भोकातून शिरायला लागला, आणि एप्रिल २०१२ पर्यंत सहा लाखांच्या आसपास मॅक त्याच्या ताब्यात होते. विंडोजवाल्यांना ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘बॅड रॅबिट’ रॅन्समवेअर याच फ्लॅशच्या नावाखाली मिळाला, रशिया-युक्रेनमध्ये, बातम्यांच्या साध्या साइटवरून.

आता नवीन फॅशन सांगते, ती तुमच्या वयाच्या पोरांना जास्त लागते. पान म्हणतं ब्राउझर जुना झालाय किंवा तू रोबो नाहीस हे सिद्ध कर, आणि मग सांगतं विंडोज की आणि आर दाब, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. मॅकवर टर्मिनल उघडून पेस्ट करायला सांगतं. पानाने आधीच तुझ्या क्लिपबोर्डवर कमांड कॉपी करून ठेवलेली असते, म्हणजे मालवेअर तू स्वतःच्या हाताने चालवतोस आणि ब्राउझरला अडवायला काही उरतच नाही. कधीकधी तर पूर्ण स्क्रीनभर निळं विंडोज अपडेटचं चित्र दाखवतात, टक्के वाढताना दिसतात आणि मग ही तीन बटणं. कुठलंही खरं अपडेट तुझ्याकडून काही पेस्ट करून घेत नाही. सिरीज मित्राच्या अकाउंटवर बघ, नाहीतर अभ्यास कर.

मला मेल आला की तुमच्या अँटिव्हायरसचं सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू झालंय आणि खात्यातून ३४,९९९ रुपये कापले जातील, रद्द करायचं असेल तर या नंबरवर फोन करा. त्यात लिंक नाही, फाइल पण नाही, म्हणून मला खरा वाटतोय. आम्ही अँटिव्हायरस घेतलेलं आठवत नाही, पण यांनी घेतलं असेल. (कोथरूड)

काकू, आधी काकांना विचारा. मग बँकेचं पासबुक बघा, पैसे कापलेलेच नसतील.

लिंक आणि फाइल नाही म्हणूनच तो स्पॅममध्ये न जाता सरळ तुमच्यापर्यंत आलाय, तपासायला त्यात काही नव्हतंच. जाळं त्या फोन नंबरला आहे. फोन केला की पलीकडचा फार गोड बोलतो, रद्द करून देतो म्हणतो, त्यासाठी एक छोटं ॲप टाका म्हणतो, एनीडेस्क किंवा तत्सम, आणि तुमची स्क्रीन त्याला दिसायला लागते. एनीडेस्क स्वतः वाईट नाही, ऑफिसात रोज वापरतात, पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून टाकलं की तुमची नेट बँकिंग त्याच्या हातात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याबद्दल बँकांना सावध केलं होतं. पुढे मग ‘चुकून जास्त रिफंड आला, परत करा’ असलं नाटक पण करतात, रडतात पण, नोकरी जाईल म्हणतात. फोन करू नका एवढंच.

आणि अँटिव्हायरस घेतलंच पाहिजे का, असं बरेच जण विचारतात. विंडोजमध्ये डिफेंडर फुकट असतो आणि घरगुती वापराला तो पुरतो असं माझं मत. विकत घ्यायचंच असेल तर घ्या की, अँटिव्हायरस बनवणारी क्विक हील तर आपल्या पुण्यातलीच, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांची आणि त्यांच्या भावाची. पण कुठलंही घेतलं तरी रिन्यू करायचं ते प्रोग्रॅम उघडून आतून, किंवा जिथून घेतलं त्या दुकानात जाऊन.

फसवणूक झाली तर तक्रार नक्की कुठे करायची? चौकीत गेलं तर इकडून तिकडे पाठवतात. (धनकवडी)

पैसे गेले असतील तर चौकीत जायच्या आधी १९३० वर फोन. जितक्या लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवून धरायची शक्यता जास्त, तासाभरात केला तर उत्तम, दुसऱ्या दिवशी केला तर पैसे पाच-सात खाती फिरून गेलेले असतात. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार, तिथे जो नंबर मिळतो तो जपून ठेवा, बँक तोच मागते. पुणे शहराचं सायबर पोलीस स्टेशन शिवाजीनगरला आहे. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं झालंय, त्यामुळे चिंचवड-वाकडकडच्या लोकांनी तिकडे जायचं, इकडून तिकडे पाठवतात त्यातलं अर्धं कारण हेच असतं.

पैसे गेले नसतील, नुसता मेल आलाय, तरी त्याच पोर्टलवर कळवता येतं, आणि सर्ट-इनला पण, त्यांचा टोल फ्री नंबर १८००-११-४९४९ आहे. एक मात्र करा, तक्रार करायची असेल तर ती होईपर्यंत रागाच्या भरात तो मेल उडवून टाकू नका. जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांत ‘शो ओरिजिनल’ आहे, त्यात तो मेल कुठल्या सर्व्हरवरून निघाला त्याचा सगळा माग असतो. नुसता स्क्रीनशॉट दिला तर त्यात हा माग येत नाही, म्हणून तिथूनच ‘डाउनलोड ओरिजिनल’ करून ती फाइल तक्रारीला जोडा.